गर्दीचं खापर बाईच्या डोक्यावर

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता. दहा वर्षांत तिथली माणसं ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आला आणि सिंधुदुर्गातलीही माणसं घटली. इतकंच कशाला, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मूळ मुंबई शहर जिल्ह्यात अडीच लाख माणसं कमी भरली.

ठाण्यातल्या बायकांची बाळंतपणं वाढली म्हणून काही ठाणं फुगलं नाही. परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, तिथलं घर परवडेनासं झालं तसं गिरणगावातलं कुटुंब डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा असं सरकत गेलं. राजापूर-लांज्याचा मुलगा बारावी झाला की मुंबईची गाडी धरतो, कारण आंबा-काजूचा हंगाम सोडला तर गावात हाताला काम नाही. विदर्भ-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून येणाराही त्याच कारणाने येतो. राज्यातली बहुतेक चांगली कामं मुंबई-ठाणे-पुणे या एका पट्ट्यात कोंबायची आणि कामगारांची घरं त्या पट्ट्याच्या कडेला ढकलायची, मग मधल्या रेल्वेमार्गावर जे व्हायचं तेच होतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यांतली काही जिवानिशी गेली. त्यानंतरच्या चर्चांतही कुठे ना कुठे ते ठरलेलं वाक्य आलंच: लोकसंख्याच एवढी झालीय, सरकार तरी काय करणार?

माझा आक्षेप या वाक्याला आहे. शाळेत एका वर्गात सत्तर मुलं कोंबली, जिल्हा रुग्णालयात एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपवल्या, तलाठ्याची पदं वर्षानुवर्षं भरली नाहीत, तरी हेच वाक्य पुढे येतं आणि ज्याला जाब विचारायचा तो अलगद सुटतो. लोकसंख्येचा प्रश्न खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो खरा होता आणि काही अंशी आजही आहे. पण महाराष्ट्रात तो आता जन्मांचा प्रश्न राहिलेला नाही. आपले कायदे, आपल्या योजना आणि आपलं रोजचं बोलणं मात्र अजून पाळण्याभोवतीच फिरतं आणि त्याची किंमत गरीब घरातली बाई स्वतःच्या शरीराने मोजते.

मुळात माणसं वाढली कशी? आजच्या भारताच्या भूभागावर १९०१ साली सुमारे २४ कोटी माणसं होती. १९११ ला ती २५ कोटींच्या थोडी वर गेली आणि १९२१ ला त्याहून किंचित कमी भरली. मधल्या दशकात १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. त्याआधी प्लेग होता, दुष्काळ होते, देवी आणि पटकी तर कायमच्याच. जन्म भरपूर होते, पण मृत्यूही तेवढेच होते, म्हणून बेरीज जागच्या जागी राहत होती. १९५१ ला आपण ३६ कोटी होतो, २०११ ला १२१ कोटी. या साठ वर्षांत बायकांना आधीपेक्षा जास्त मुलं झाली असं अजिबात नाही. माणसं मरायची थांबली. देवीची लस पोचली, हिवताप आटोक्यात आला, रेशनचं धान्य आलं, १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लोकांना खडी फोडायच्या का होईना, पण कामावर घेतलं आणि भूकबळींची रांग लागू दिली नाही. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तिशीच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलं आहे. लोकसंख्यावाढीचं पहिलं आणि सर्वांत मोठं कारण हे आहे. त्याबद्दल कुणी खंत करावी असं त्यात काहीही नाही.

मृत्यू आधी घटले आणि जन्म मागाहून. मधलं अंतर दोन पिढ्यांचं पडलं. ते का पडलं, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारलं तर कळतं. ज्या घरात आठ बाळंतपणांतली पाच मुलं जगायची, तिथे दोनांवर थांबायचं धाडस कोण करणार? १९५० च्या सुमाराला हजारातली दीडशेच्या आसपास मुलं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. शेतात हात लागत होते, म्हातारपणी पेन्शन नव्हतं, मुलगाच काय तो आधार होता. मुलीचं लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी लागत होतं आणि ती पंचविशीत येईपर्यंत तिच्या पदरात चार मुलं असत. पोरं जगतात हे डोळ्यांनी दिसल्यावर, मुलगी शाळेत चार वर्षं जास्त टिकल्यावर आणि हाताशी साधन आल्यावरच माणसं थांबली. महाराष्ट्रात आज बालमृत्यूचं प्रमाण हजारी वीसच्याही खाली आलं आहे. पाळणा लांबला तो या क्रमाने. भिंतीवरच्या लाल त्रिकोणाने आठवण करून दिली असेल, पण निर्णय लोकांनी आपल्या अनुभवावर घेतला.

ज्यांना थांबायचं होतं त्यांनाही साधन मिळत नव्हतं, हा या कथेतला फार महत्त्वाचा भाग आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं तेव्हा देशाची लोकसंख्या पाव शतकभर जवळजवळ हललेली नव्हती. म्हणजे ते काम त्यांनी आकड्यांच्या धास्तीने हाती घेतलेलं नव्हतं. बाईला सततच्या बाळंतपणांतून सोडवायचं, तिच्या आरोग्याचा आणि सुखाचा विचार करायचा, हा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले अंगावर आले, आणि त्यांतल्या एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. डॉ. आंबेडकरांनी तयार केलेल्या त्या भाषणाचा रोख असा होता की, बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी तयार झाला नसता. ठराव फेटाळला गेला. पुढे १९५२ मध्ये सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात असा कार्यक्रम घेणारा भारत पहिला देश ठरला. पण कर्वे-आंबेडकरांच्या मांडणीत बाई मध्यभागी होती. सरकारी कार्यक्रमात हळूहळू उद्दिष्टाचा आकडा मध्यभागी आला.

आकडा मध्यभागी आला की काय होतं, ते आणीबाणीत दिसलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षकांना केसेस आणायचं उद्दिष्ट, पगार अडवायची धमकी, गावात जीप आली की शेतात पळणारी माणसं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते बारगळलं. आपल्या राज्याच्या पुरोगामी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे विधेयक लक्षात ठेवायला हवं.

आणीबाणी उठली, सरकार पडलं आणि पुढाऱ्यांनी त्यातून एक धडा घेतला: पुरुषांच्या वाटेला जायचं नाही. पुरुष मतदानातून राग काढतो. तेव्हापासून सगळा भार बायकांवर आला आणि तो आजतागायत उतरलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या बायकांचं ‘ऑपरेशन’ झालेलं असतं आणि पुरुषांचं प्रमाण इथेही अर्ध्या टक्क्याला पोचत नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, दहा-पंधरा मिनिटांची, त्याच दिवशी घरी जाता येण्यासारखी आणि बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी जोखमीची आहे, हे आरोग्य खात्यातला प्रत्येक जण जाणतो. तरीही आशाताई घरी येते ती सुनेशीच बोलायला. सासू म्हणते, त्याला कष्टाचं काम आहे. सून रोज तीन हंडे डोक्यावर आणते, त्याला मात्र कष्ट म्हणायची रीत नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदा तिथल्या व्हरांड्यात उभं राहून पाहावं. सकाळपासून उपाशी असलेल्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या असतात. बहुतेकींचं वय पंचविशीच्या आतबाहेर. कुणाच्या मांडीवर सहा महिन्यांचं मूल, कुणाचं मूल आजीकडे रडतं आहे. हातावर चिकटपट्टीवर लिहिलेला नंबर. आत गेलेली बाई अर्ध्या-पाऊण तासात बाहेर येते आणि खाट नसेल तर सतरंजीवर झोपते. नवरा फाटकाशी मोटारसायकलवर बसून थांबलेला. या बायकांना पाळणा लांबवण्याची इतर साधनं कुणी समजावून सांगितलेली नसतात असं नाही, पण गोळ्या विसरतात, तांबीची भीती घातलेली असते आणि नवरा निरोध वापरत नाही. म्हणून कायमचा तोच एक मार्ग उरतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यांतल्या डझनाहून अधिक बायका दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. लोकसंख्या आटोक्यात आणल्याची पाठ आपण थोपटून घेतो तेव्हा या व्हरांड्यातल्या बायकांचं नाव त्यात कुणी घेत नाही.

आणि जन्म आटोक्यात आले आहेत, हे आता वादाचं राहिलेलं नाही. एका बाईला सरासरी किती मुलं होतात, हा दर देशात १९५० च्या दशकात सहाच्या जवळपास होता. पिढी जागच्या जागी भरून निघायला तो साधारण २.१ लागतो. पाचव्या सर्वेक्षणात देशाचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. बिहारचा दर अजून ३ च्या घरात आहे, उत्तर प्रदेशचा २.४, पण तेही झपाट्याने खाली येत आहेत. एका विशिष्ट धर्माचे लोक संख्या वाढवून देश ताब्यात घेणार, असा प्रचार मोबाइलवर रोज फिरतो, म्हणून तेही सांगायला हवं. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती आणि हिंदू बाईला ३.३. पाचव्या फेरीत हे आकडे २.३६ आणि १.९४ झाले. घट मुस्लिमांत जास्त वेगाने झाली. केरळमधल्या मुस्लिम बाईला बिहारमधल्या हिंदू बाईपेक्षा कमी मुलं होतात. मुलांची संख्या शाळा, दवाखाना आणि घरातल्या मिळकतीवर ठरते, प्रार्थना कुठली करता यावर ठरत नाही.

मग लोकसंख्या अजून का वाढते आहे? कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीने दोनवर थांबायचं ठरवलं तरी आयांची संख्याच मोठी असल्याने जन्म बरेच होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपण सुमारे १७० कोटींवर पोचू आणि मग उतरू लागू. या उरलेल्या वाढीवर तिसरं मूल थांबवणारा कायदा फारसं काही करू शकत नाही. पहिलं मूल उशिरा झालं तर मात्र फरक पडतो. मुलगी सतराव्या वर्षी आई होते तिथे शंभर वर्षांत सहा पिढ्या होतात, पंचविसाव्या वर्षी होते तिथे चार. आणि नेमक्या याच जागी महाराष्ट्र नापास झाला आहे. २० ते २४ वयाच्या दर पाच बायकांमागे एकीचं लग्न इथे अठराच्या आत झालेलं असतं. बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर, परभणीत जवळजवळ निम्मं.

बीडची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण लोकसंख्येच्या प्रश्नाची सगळी गाठ तिथे एका जागी दिसते. ऊसतोडीला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला अर्धाच भाव, म्हणून त्याला कारखान्यावर जायच्या आधी बायको लागते. इकडे मुलीचे आईबाप सहा-सहा महिने गाव सोडून उसाच्या फडात असतात, वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं ही धास्ती असते. दोन्ही घरांची अडचण एकाच लग्नात सुटते आणि नववीतली मुलगी दिवाळीनंतर फडाजवळच्या झोपडीत, कोपीत, राहायला जाते. एकोणिसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन मुलं, विशीत ऑपरेशन. पहाटे फडात उतरायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही. दुखलं म्हणून एक दिवस बसलं तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. अंगावरून पांढरं जातं म्हणून खासगी दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितली जाते. त्यासाठी पुन्हा मुकादमाकडून उचल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जे सर्वेक्षण आलं, त्यात बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी तिशीचा उंबरठासुद्धा ओलांडलेल्या नव्हत्या.

या बाईच्या तीन मुलांना कुणी लोकसंख्येचा विस्फोट म्हणत असेल, तर त्याने आधी तिचं लग्न नववीतच लावणारी मजुरीची पद्धत पाहावी. तिच्या मुलीला गावातल्या वसतिगृहात सहा महिने सुरक्षित ठेवता आलं, तर ते लग्न चार वर्षं पुढे जातं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना सरकारने आणलीच आहे. लोकसंख्येवर खर्च करायचा असेल तर पहिला पैसा तिथे, प्रत्येक तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहातल्या प्रत्येक खाटेवर खर्च व्हायला हवा. जोडीच्या ऐवजी माणशी हिशेब धरून मजुरी देण्याचा नियम कारखान्यांवर घातला तर त्याचा परिणाम कुठल्याही नसबंदी शिबिरापेक्षा दूरवर जाईल, असं मला ठामपणे वाटतं.

संख्या वाढण्याचे जे परिणाम खरोखर घडले, त्यांत सर्वांत ठळक परिणाम जमिनीवर दिसतो. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. कुठल्याही गावातला जुना आणि नवा सातबारा शेजारी ठेवून पाहावा. जुन्यावर एक नाव, फार तर दोन. नव्यावर चुलते, पुतणे, मयत भावाची बायको, अज्ञान मुलं अशी दहा-बारा नावं, खाली सोसायटीचा बोजा आणि फेरफारांची रांग. बहिणींची नावं हक्कसोडपत्र घेऊन कमी केलेली. विहीर एक, तिच्यावरच्या मोटारीची पाळी आठवड्यातून दीड दिवस. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेरी. या तुकड्यावर ट्रॅक्टर लावणं परवडत नाही, बँक दारात उभं करत नाही, आणि तिशी उलटलेल्या मुलाला लग्नाला मुलगी मिळत नाही. हा भार संख्येचा आहे, हे मान्य करायलाच हवं. पण एवढ्याच जमिनीवर नीट पाणी आणि भाजीपाल्याला जवळची बाजारपेठ असलेलं कुटुंब निभावून नेतं आणि कोरडवाहू कुटुंब बुडतं, हेही आपण रोज पाहतो.

पाण्याचं तर विचारूच नये. राज्यात लागवडीखालच्या जेमतेम ४ टक्के जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो, हे सरकारी अहवालांतून वर्षानुवर्षं लिहिलं जातं. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी शहापूर तालुक्यातून मोठमोठ्या जलवाहिन्यांनी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. शहापूरच्या त्या पाड्यात माणसं जास्त झाली म्हणून तिथली विहीर आटत नाही. धरण त्यांच्या जमिनीवर आहे आणि नळाची जोडणी त्यांना नाही, एवढं साधं ते आहे.

आता त्या कायद्याकडे वळतो, जो मला सर्वांत जास्त खटकतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. हरियाणातल्या अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवलं, तेव्हा कायद्याच्या चौकटीत ती बसते हे खरं. पण तिचे परिणाम कुणावर झाले? माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अभ्यास केला तेव्हा अपात्रता टाळण्यासाठी बायको सोडून देणं, मूल दुसऱ्याला दत्तक दिल्याचं दाखवणं, गर्भपात करवणं, असे प्रकार समोर आले. मुलं किती व्हावीत हे ठरवायचा अधिकार ज्या बाईला घरात नाही, तिलाच सार्वजनिक पदासाठी अपात्र ठरवायचं, आणि तेही ज्या राज्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण दिलं त्या राज्यात. दलित, आदिवासी, भटक्या समाजांतल्या ज्या घरांत बालमृत्यू जास्त, शिक्षण कमी, तिथे मुलंही जास्त. म्हणजे पंचायतीत ज्यांचा आवाज सर्वांत आधी पोचायला हवा त्यांनाच हे कलम दाराबाहेर ठेवतं.

दोनच मुलं हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच, असा हट्ट धरला की मधल्या मुलींचं काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा कायदा आपण १९८८ मध्येच केला, देशाच्याही आधी. तरी ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ ला ९१३ होती ती २०११ ला ८९४ झाली. बीडमध्ये ती ८०७ पर्यंत घसरली. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नाव ठेवलेल्या २८५ मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला होता. त्या निदान जन्माला तरी आल्या होत्या. चीनने १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत एका मुलाचा नियम राबवला. तिथेही मुली घटल्या आणि २०२२ पासून लोकसंख्याच उतरणीला लागली. आता सरकार मुलं जन्माला घाला म्हणून आर्जवं करतं आहे आणि लोक दाद देत नाहीत.

ती उतरण आपल्याकडेही लागली आहे, फक्त ती खेड्यांत आधी दिसते. कोकणातल्या वाड्यांत पाचांतली तीन घरं कुलुपबंद असतात आणि उरलेल्या दोनांत सत्तरी ओलांडलेली नवरा-बायको. पटसंख्या नाही म्हणून शाळा बंद होण्याच्या याद्या निघतात. मुलगाच म्हातारपणाचा आधार म्हणून चार मुलं जन्माला घालणाऱ्या पिढीला आपण नावं ठेवली, दोनवर थांबायला सांगितलं, लोकांनी ऐकलं. त्या बदल्यात म्हातारपणाचा आधार सरकारने व्हायला हवं होतं. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला महिन्याला २०० रुपये मिळतात. राज्य त्यात भर घालून ते १,५०० पर्यंत नेतं. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या आणि तालुक्याच्या गावी जायचं भाडं धरलं तर त्यातलं काय उरतं, हे कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारावं.

तेव्हा दोन मुलांची अट रद्द करा, ही मागणी आता उघडपणे करायला हवी. आंध्र प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतली ही अट काढून टाकली. तिथल्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना जास्त मुलं होऊ द्या असंही सांगितलं, ते मला मुळीच पटत नाही. बाईने तिसरं मूल होऊ देऊ नये हे सरकारने ठरवायचं नसेल, तर तिने ते होऊ द्यावं हेही सरकारने ठरवायचं नाही. पण अट काढली ते योग्यच केलं. महाराष्ट्राचा दर १.७ वर येऊनही ही अट इथे कशासाठी ठेवायची, याचं उत्तर कुणी दिलेलं मी ऐकलेलं नाही. सोबत आरोग्य खात्याने पुरुष नसबंदीचा पंधरवडा फलकापुरता न ठेवता गावागावांत पुरुषांशी बोलणारे पुरुष कार्यकर्ते नेमावेत, आणि ऑपरेशनखेरीजची साधनं उपकेंद्रात बारमाही ठेवावीत.

आणि माणसं मोजा. १८८१ पासून दर दहा वर्षांनी, महायुद्धाच्या काळातसुद्धा, या देशात जनगणना झाली. २०२१ ची पहिल्यांदाच चुकली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ती व्हायची आहे. तोवर अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात रेशनचा लाभ मिळणाऱ्यांची मर्यादा सुमारे ७ कोटींवर अडकली आहे, कारण ती २०११ च्या आकड्यांवर बेतलेली आहे. त्यानंतर वाढलेल्या गरीब कुटुंबाला नवं नाव चढवायचं तर कुणाचं तरी नाव कमी होण्याची वाट पाहावी लागते. पुरवठा कार्यालयात अर्ज घेऊन गेलेल्या आईला इष्टांक संपला म्हणून परत पाठवतात, आणि तिच्या कडेवरचं मूल रेशनच्या यादीत येत नाही.